कोरियाचं आवतन

हे लिहायचंच नाही, असं बन्सीनं दोनदा ठरवलं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. शेंद्र्याच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये सीट मागं पाडून, फोन छातीवर धरून तो पडला होता. डिसेंबरचं ऊन काचेतून पायांवर येत होतं. पहाटे पाचपासून उघडे असलेले डोळे मिटायला बघत होते, पण मिटले की सकाळचा गाडीतला आरसा दिसायचा. म्हणून त्यानं तिसऱ्यांदा अंगठा चालवला. फोनमधल्या त्या पानावर वर कोरियन शब्द होते, देवनागरीत लिहिलेले, एकशे चाळीस. त्यांच्या खाली त्यानं लिहिलं: आज साहेबाला खोटं बोललो.

पुढं काय लिहावं ते सुचेना. कारण गोष्ट आजची नव्हती, मार्चातली होती.

बन्सी कंत्राटदाराची गाडी चालवतो. नवीन मशीन बसवायला कोरियाहून आलेले ह्वांग साहेब त्याच्या वाट्याला आले. पन्नाशीचा माणूस, सिडकोतल्या फ्लॅटवर एकटा, बोलणं बेताचं. सकाळी साडेसातला घ्यायचं, संध्याकाळी सोडायचं. मार्चातल्या एका रविवारी साहेबांना अजिंठ्याची लेणी बघायची होती. बघून झाली तेव्हा उन्हानं साहेबांचं डोकं धरलं होतं, चहा मागत होते. लेण्यांपासून सोयगावच्या वाटेवर बन्सीचं गाव वीस मिनिटांवर. त्यानं गाडी सरळ घरी नेली.

त्याच्या आईनं, साळूबाईनं, स्लॅबवर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. साहेबांना खालूनच ठसका लागला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. बूट काढून जिना चढले, उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी मिरच्या उलथ्यापालथ्या करायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. बाई माणूस करतं तसं, खालच्या वर, वरच्या खाली.

"कोचू," ते मिरचीकडं बोट दाखवून म्हणाले. "माय मदर. सेम. रूफ."

चहा दोन पेले घेतला. निघताना साळूबाईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, कमरेत वाकले, आणि म्हणाले की विंटरला या. माय होम. स्नो. मदर हॅपी. एकदा तिला म्हणाले, एकदा बन्सीला.

त्याच संध्याकाळी साळूबाईचा फोन आला. तिनं चौकशी केली, की आवतन चूलबंद आहे का घरटी एक? म्हणजे सगळ्या घराला जेवण, घरात चूल पेटवायचीच नाही, का घरातनं एकानंच जायचं? बन्सी हसला. घरटी एक, म्हणाला.

"बरं झालं," साळूबाई म्हणाली. "माझं गुडघं बर्फात चालायचं नाय." मग जरा थांबून तिनं मुद्द्याचं सांगितलं. "पर एक ध्यानात ठिव, बन्सी. आवतन आलं म्हणून कुणी पंगतीत जाऊन बसत नाय. ताटं वाढली की बलावणं येतं. तवाच उठायचं."

बन्सी व्हय म्हणाला खरं, पण त्याचं मन तोवर बर्फात पोचलं होतं. अठराव्या वर्षापासून तो लोकांना एअरपोर्टला सोडत आला होता. काचेच्या दारापर्यंत बॅगा न्यायच्या, मान हलवायची, परत फिरायचं. त्या दाराच्या आत त्याला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

शहरात, उस्मानपुऱ्यात, तो आणि कडूबा एका खोलीत राहतात. दोघं एकाच गावचे, एकाच बाकावरचे. कडूबा गुलमंडीत कापडाच्या दुकानात आहे. दिवसभर ठाण उलगडायचं, दिवसभर गुंडाळायचं, संध्याकाळी खांदे धरून बसायचं. बन्सीनं फोनवरचे व्हिडिओ लावून कोरियन शिकायला सुरुवात केली, तेव्हा कडूबानं आधी कानात कापूस घातला. मग पाठ घ्यायला दुसरं कुणी नाही म्हणून फोन त्याच्याच हातात आला. तो शब्द विचारायचा, बन्सी उत्तर द्यायचा. आन्न्योंग हासेयो म्हणजे नमस्कार. कामसाहाम्निदा म्हणजे आभार. क्योउल म्हणजे हिवाळा. नून म्हणजे बर्फ. चिप म्हणजे घर. ओमोनी म्हणजे आई. ओप्सोयो म्हणजे नाही. भाताला, जेवणाला पाप म्हणतात हे ऐकून कडूबा पोट धरून हसला होता. म्हणाला, मंग त्यांच्याकडं पाप केल्याबिगर उपाशीच मरायचं व्हय रे?

साहेबांच्या आईला काय म्हणायचं याची तालीम रोज व्हायची. कडूबा डोक्यावरनं चादर घेऊन भिंतीला टेकून बसायचा, म्हातारीसारखा. बन्सी कमरेत वाकायचा.

"ओमोनी, आन्न्योंग हासेयो."

"अजून खाली वाक. पाठ का घसरगुंडी?" कडूबा चादरीतून म्हणायचा. "मराठी आईला कधी इतका वाकला नाय तू."

"तू तर तुझ्या आईला तोंडबी दाखवीत नाय."

यावर कडूबा चादर काढून ठेवायचा. थोरल्या भावाशी वाटणीवरून बिनसल्यापासून तो तीन दिवाळ्या गावाकडं गेला नव्हता. त्याची आई, भागूबाई, थोरल्याकडंच राहते. बन्सी गावाहून आला की कडूबा सगळ्या गावाचं विचारायचा, म्हशीचंसुद्धा, तेवढं तिचं सोडून.

सकाळी गाडीत बन्सी आदल्या दिवसाचा शब्द साहेबांवर टाकून बघायचा. साहेब मान वर करून तो नीट म्हणून दाखवायचे. मोठ्या माणसाला काही देताना दोन्ही हातांनी द्यायचं, हे त्यांनीच सांगितलं. बन्सीनं मग पाण्याची बाटलीही दोन्ही हातांनी द्यायला सुरुवात केली. सिग्नल सुटला तरी स्टेअरिंग मोकळंच राहायचं आणि मागचे हॉर्न वाजवायचे.

ऑक्टोबरात पासपोर्ट आला. त्याच्या आधी चौकशीला पोलीस गावात येऊन गेले होते, त्यामुळं सांगायचं कुणाला उरलंच नव्हतं. नानासाहेब पाटलांनी पारावर जाहीर केलं की आपल्या गावचं पोरगं कोरियाला पाहुणा म्हणून चाललंय, कामगार म्हणून नव्हं. हे दुसरं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं म्हणे. साळूबाईनं मिरचीची बरणी भरून, फडकं बांधून ठेवली. कडूबानं दुकानातून लोकरीचा कोट आणला, दोन मापं मोठा, कारण बर्फात आत अजून काय काय घालावं लागतं असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

आता राहिलं होतं एक पत्र. व्हिसाची कामं करणाऱ्या माणसानं सांगितलं की साहेबाकडून लिहून आणा, की हा माझा पाहुणा, माझ्या घरी उतरणार आहे. दोन ओळींचं काम. बन्सीनं ते मागायचं वाक्य कोरियनमध्ये पाठ केलं, कडूबासमोर वीस वेळा म्हटलं. गाडीत मात्र ते तोंडातून निघेना. आईचं बोलणं आडवं यायचं. पत्र मागणं म्हणजे बलावण्याआधी ताटावर जाऊन बसणं. साहेब आपणहून काहीतरी म्हणतील, बन्सी, तिकीट काढलं का, एवढं तरी, म्हणून तो थांबला. दिवाळी गेली. नोव्हेंबर गेला. मशीन नीट चालत नव्हतं, साहेब रोज उशिरा निघायचे, गाडीत बसल्याबसल्या झोपायचे. झोपलेल्या माणसाला काय विचारणार?

कडूबा रोज विचारायचा आणि बन्सी रोज उद्या म्हणायचा. दोघंही या विषयाला आता थकले होते.

आज सकाळी तो विचारणारच होता. चिकलठाणा मागं पडलं आणि त्यानं घसा साफ केला, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

साहेब कोरियनमध्ये बोलायला लागले. एरवी बन्सीला ते पाण्याच्या नळासारखं ऐकू यायचं. आज तसं झालं नाही. आज मध्येच शब्द कळायला लागले, ओळखीची माणसं गर्दीत दिसावीत तसे. ओमोनी. मग पुन्हा ओमोनी. मग दवाखान्याचा शब्द, जो त्यानं गेल्याच आठवड्यात पाठ केला होता. क्योउल. चिप. आणि मग साहेब हळू आवाजात एकच वाक्य दोनदा म्हणाले, त्यात चिप होतं आणि शेवटी ओप्सोयो होतं.

घर. नाही.

आपण हा शब्द शिकलो नसतो तर बरं झालं असतं, असं बन्सीला वाटलं. त्यानं आरशात बघितलं. साहेबांनी चष्मा काढला होता.

केंब्रिज चौकाच्या पुढं साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोर वेचून झालेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या होत्या, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. पाच मिनिटं तेच बघत होते. परत आले ते मागं न बसता पुढच्या सीटवर बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"बन्सी," ते म्हणाले. "मदर हॉस्पिटल. लाँग टाईम नाऊ. होम, ब्रदर सेल. फिनिश."

बन्सीनं मान हलवली.

"यू," साहेब म्हणाले आणि थांबले. हातातला चष्मा त्यांनी घातला, परत काढला. "विंटर. आय टेल यू. युवर मदर..."

साहेबांना काय म्हणायचंय ते बन्सीला कळलं. ते आवतन साहेब विसरले नव्हते. मार्चापासून रोज ते त्यांच्याही मनात होतं, आणि आता ते तोंडानं परत घ्यायची पाळी आली होती. शब्द सापडत नव्हते, चेहरा लाल झाला होता. बोलावणाऱ्याचा हात रिकामा दिसला तर पाहुण्यानं तिकडं बघायचं नसतं, एवढं कुणाही खेड्यातल्या माणसाला कळतं.

"सर, नो लीव्ह. मेरी छुट्टी मंजूर नहीं हुई," बन्सी पटकन म्हणाला. "मैं बोलनेवालाच था आपको. जाना नहीं होता इस साल. केन्चानायो."

काही हरकत नाही, असा त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ. साहेबांनीच उच्चार सुधारून दिलेला.

साहेब त्याच्याकडं बघत राहिले. बन्सीच्या सुट्टीच्या कागदावर सही साहेबच करतात. असा कुठला कागद त्यांच्याकडं आलाच नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आ," साहेब शेवटी म्हणाले. "लीव्ह. व्हेरी बॅड." मग थोड्या वेळानं, "नेक्स्ट इयर."

"नेक्स्ट इयर, सर."

बन्सीनं गाडी काढली. कंपनीच्या गेटवर साहेब उतरले, दार लावलं, आणि काचेच्या पलीकडून त्याला वाकून नमस्कार केला, आईला करतात तेवढा खाली. वॉचमन बघत होता. बन्सीला कुठं बघावं कळेना.

तिसऱ्यांदा लिहिलेलं त्यानं पुसलं नाही. पण पुढंही काही लिहिलं नाही. बोनेटवर पडलेली कडुनिंबाची पानं झाडून काढली आणि साहेबांची वाट बघत बसला.

खोलीवर पोचला तेव्हा कडूबा परातीत पीठ मळत होता. बन्सीनं चपला काढता काढता सगळं सांगून टाकलं. बसून सांगायचं त्राण नव्हतं.

कडूबा आधी चिडला. पासपोर्ट काढला, सहा महिने मला म्हातारी करून बसवला, आणि ऐन टायमाला तूच नाय म्हणालास? अरे, त्यानं लॉजवर उतरवलं असतं, बर्फ काय घरातच पडतो व्हय? बन्सी ऐकत राहिला. म्हणाला, त्याच्या घरी जायचं होतं. बर्फाचं काय एवढं नव्हतं.

कडूबानं पिठाचे हात तसेच धरून ठेवले.

"घर विकलं म्हणतोस?"

"व्हय."

"आन म्हातारी?"

"दवाखान्यात. लई दिवस झाले म्हणाला."

"हा इथं मशिनी बसवीत राहिला," कडूबा म्हणाला. मग बराच वेळ त्यानं उंडा थापलाच नाही, तवा नुसता तापत राहिला. नंतर तो गावाचं बोलायला लागला. गावाला सांगायला सोपं आहे, म्हणाला, सरकारनं व्हिसा दिला नाही म्हणायचं. सरकारवर कुणाचाबी विश्वास बसतो. नानासाहेब वर आणखी दोन शिव्या घालतील, तुझी इज्जत राहील, साहेबाचीबी राहील.

बन्सीनं यावर दिवसभर विचार केला होता. गावाला काय सांगायचं ते सांगू, पण आईला खरं सांगायचं, असं तो म्हणाला. तिनं त्या माणसाला आपल्या मिरच्यांत बसलेला बघितलाय. तिच्यापाशी सरकारचं नाव घेतलं तर ती साहेबाच्या आईसाठी बरणी पाठवीत राहील, दर साली. फोनवर नको, तोंडानंच सांगायला पाहिजे. रविवारी जातो.

"फुलंब्रीपातुर जाशील आन माघारी येशील. मी वळखतो तुला."

"नाय येणार."

कडूबानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. पाठ बन्सीकडंच होती.

"रविवारी कितीची गाडी हाय?"

"सहाची. सोयगाव."

"मलाबी उठीव. तीन दिवाळ्या झाल्या," कडूबा म्हणाला. भाकरी उलटायची झाली होती, ती त्यानं उलटली. "मी नाय म्हणंन. शिव्याबी दीन. तरी उठीव."

बन्सी त्याच्या शेजारी येऊन बसला. उगीच हो म्हणायचं नव्हतं त्याला.

"पाचला उठीवतो," तो म्हणाला. "आन तू येईपातुर मी गाडीत चढत नाय. गाडी गेली तर जाऊ दे, दुसरी बघू. तुला घेतल्याबिगर जात नाय, कडूबा."