व्याह्यांची गाडी

"गाडीले कोनी हात लाऊ नका," असं फाटकाबाहेरूनच सांगत सुकलाल स्कूटरवरून उतरला. सकाळचे साडेसहा वाजले होते. सुरतेजवळच्या कडोदऱ्यातल्या त्या गल्लीत जानेवारीची थंडी रेंगाळत होती आणि व्याह्यांची पांढरी गाडी दवानं ओली होती. सुकलालनं बॉनेटवर तळहात टेकवला. गार. एवढ्यासाठीच तर तो नवागामहून कुडकुडत आला होता.

व्याही शालिग्रामआप्पा तोंडात ब्रश धरून बाहेर आले. "याही, इतला सकाये? या, चहा ल्या."

"चहा नको, आप्पा. चावी द्या."

तो चहा घेणार नाही हे आप्पांनाही ठाऊक होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा नेम सुकलाल दोन वर्षं पाळत होता. आपल्या गॅरेजवर चार लोकांत तो ते सांगायचाही, जरा छाती काढून.

लेक योगिता पलसाण्याला कापड रंगवायच्या एका मिलमध्ये लॅबला होती. ती गाडी शिकली तेव्हा आप्पांनी मोठ्या कौतुकानं चावी तिच्या हातात ठेवली होती. पण संक्रांतीच्या आठवड्यात एका सकाळी तिनं रिव्हर्स टाकून क्लच सोडला, तशी गाडी उसळून मागं गेली आणि फाटकाचा पल्ला उखडला. कोणाला लागलं नाही. "मी ॲक्सिलेटरवर पाय ठेयेलच नव्हता," ती सांगत राहिली. "सकाये गाडी आपोआप जोर धरस."

जावई योगेंद्र गाडी घेऊन नवागामला आला. पंधरा किलोमीटर धावून इंजिन तापलेलं, फेऱ्यांचा काटा आठशेवर, आवाज कसा मऊ. "मामा, आते तं काहीच नही," तो म्हणाला.

थंडपणी बिघडणारं इंजिन थंडच बघावं लागतं, हे सुकलालला तीस वर्षांपासून माहीत होतं. पण त्याचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची ताडपत्री. व्याह्यांची गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायची कशी? आणि लेकीच्या घरी मुक्काम करायचा तर नेम मोडणार. भल्या पहाटे थंडीत जायचं तर जिवावर येत होतं. त्यापेक्षा सोपं होतं ते त्यानं केलं. मोडलेलं फाटक बघायला आला तेव्हा सगळ्यांदेखत हसत म्हणाला, "गाडी चोख शे, आप्पा. पोरीनाच पाय जड शे."

सगळे हसले. विहीणबाई सरलाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. योगिता तेवढी हसली नाही. चावी योगेंद्रच्या खिशात गेली आणि ती शटल रिक्षानं कामावर जाऊ लागली. काल फोनवर तिनं सगळ्यांची खुशाली सांगितली, आईची विचारली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, तू गाडीनं ऐकस. मन्हं नही." गाडीचं ऐकतोस, माझं नाही, या वाक्यानं सुकलालला रात्रभर झोप लागली नव्हती.

त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू होताच काटा दोन हजारांच्या वर गेला आणि तिथंच राहिला. थंड इंजिन थोडं चढं चालतंच, पण मिनिटभरात उतरायला लागतं. हे उतरेना. लेक खरं बोलत होती.

बॉनेट उघडून त्यानं कान लावला. इंजिनाच्या आवाजाखाली बारीकसा सुस्कारा ऐकू येत होता. कुठून तरी जास्तीची हवा आत ओढली जात होती. एकेक नळी चाचपत तो मागच्या बाजूच्या बोटभर रबरी नळीपाशी आला आणि तिच्या जोडावर त्यानं अंगठा दाबला. इंजिन खाली बसलं. अंगठा उचलला, तसं पुन्हा ओरडायला लागलं.

जोडावर काळी टेप होती आणि टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढच्या वेळी नखानं ओढता यावं म्हणून. अशी दुमड घालायची खोड सुरतेत दुसऱ्या कोणाला असली तर त्याला माहीत नव्हती. दसऱ्याच्या पूजेआधी गाडी झालीच पाहिजे म्हणून त्यानंच घाईत डब्यातल्या जुन्या नळीचा तुकडा कापून बसवला होता. चालून जाईल, म्हणाला होता. ऊन होतं तोवर चाललं. थंडीत रबर आखडून जोड सैल पडायचा, इंजिन तापलं की फुगून बंद व्हायचा.

"काय निंघनं?" आप्पांनी विचारलं.

'सेन्सर' हा शब्द अगदी ओठांवर होता. सेन्सर म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही. नवी नळी स्कूटरच्या डिकीत होतीच. दहा मिनिटांत बसवली असती आणि आब राहिला असता. तेवढ्यात योगिता डब्याची पिशवी घेऊन दारात आली आणि गाडीकडे नाही, त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"चूक मन्ही शे, आप्पा," सुकलाल म्हणाला. "दसराले नळी मीच चुकीनी बसाडी. योगितानी काहीच चूक नव्हती. अन् मी तिलेच नाव ठेवं."

आप्पा मनापासून हसले. "व्हई जास, याही. इतलं काय मनवर लेवानं." ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं सुकलालला वाटलं.

त्यानं इंजिन बंद करून नळी बदलली आणि पुन्हा सुरू केलं. काटा बाराशेवर गेला आणि हळूहळू उतरू लागला. आप्पांनी योगेंद्रला हाक मारून सांगितलं, "आते चावी योगितालेच ऱ्हाऊ दे." मग सुनेला म्हणाले, "बस बेटा, गाडी ली जा."

"नको, आप्पा. रिक्षानी सवय व्हई गई." ती शांतपणे बोलली. त्यात राग नव्हता, आणि तेच सुकलालला सोसेना.

"योगिता," तो म्हणाला, "जरा पानी दे."

"गाडीले?"

"नही. माले. पेवाले."

पिशवी दारात टेकवून ती आत गेली. स्टीलचा पेला भरून आणला आणि त्याच्या तेलानं काळ्या झालेल्या हातात दिला. सरलाबाई दारातून बघत होत्या. सुकलालनं उभ्याउभ्याच सगळं पाणी संपवलं.

पेला द्यायला त्यानं हात पुढं केला, तेव्हा योगिता पिशवी खांद्याला लावून फाटकाबाहेर पडली होती. गाडी अंगणात शांत आवाजात सुरूच होती. सुकलाल रिकामा पेला घेऊन उभा राहिला. या घरात उष्टा पेला कुठं ठेवतात, हे त्याला माहीत नव्हतं.