दगडाबाई

बहात्तरच्या दुष्काळात चाकूरकडच्या एका गावात पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा शिवमूर्ती तिथं हजेरी घ्यायचा. मॅट्रिक झालेला गावात तो एकटाच. त्याच साली त्याला मुलगी झाली आणि त्यानं तिचं नाव उमा ठेवलं. दुपारच्या सुट्टीत तो कामावरच्या बायांना त्या नावाचा अर्थ सांगत बसे. पार्वती कोवळ्या वयात तपाला निघाली, तेव्हा तिची आई कळवळून म्हणाली, उ, मा. म्हणजे अगं, नको बाई. आईच्या त्या शब्दाचंच पोरीचं नाव झालं. बाया भाकरी खाता खाता ऐकत.

त्यातल्या सरजाबाईला कामावरच, खडीच्या ढिगाआड, मुलगी झाली. बाराव्या दिवशी ती पोरीला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून शिवमूर्तीपाशी आली. आईच्या तोंडातून निघालेलं नाव, असं दोनदा म्हणाली, आणि हेच हिला ठेवलं तर चालेल का, असं तिनं विचारलं.

शिवमूर्तीला ते रुचलं नाही. आपल्या लेकीचं नाव खडी फोडणारीच्या पोरीला! पण सरळ नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून त्यानं थट्टा केली.

"दगडं फोडताना झाली नव्हं? दगडाबाई ठिवा."

मुकादम हसला, दोन-चार बायाही हसल्या. सरजाबाई हसली नाही. शिकल्यासवरल्या माणसानं विचार करून दिलंय असं समजून तिनं मान डोलावली आणि तेच नाव ठेवलं.

पुढं शिवमूर्ती मास्तर झाला आणि ब्याऐंशी साली बदली होऊन त्याच गावच्या शाळेत आला. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. शाळेला नवा शिक्का आला होता, पण स्कॉलरशिपच्या अर्जांवर जुन्या जिल्ह्याचंच नाव छापलेलं होतं. चौथीच्या वर्गात उमा होती, तशी दगडाबाईही. दोघींत हुशार दगडाबाईच. ती दिसली की पोरं ठेच लागल्याचं सोंग करत. शिवमूर्ती ते बघे आणि फळ्याकडं वळे. हजेरी घेताना तो सगळ्यांची नावं घेई, तिचा नुसता नंबर.

अर्ज भरायच्या दिवशी सरजाबाई लेकीला हाताला धरून वर्गात घेऊन आली. पोरगी अर्जावर नाव लिहू देईना, दोन दिवस जेवली नव्हती.

"गुरुजी, नाव तुमीच दिल्यालं हाय. त्याचा कायतरी चांगला अर्थ असंल. हिला सांगा, म्हंजी गप बसंल."

शिवमूर्तीला खोटं चटकन सुचलं. महादेवाची पिंडसुद्धा दगडाचीच असते, असं त्यानं सुरू केलं. पोरगी टक लावून ऐकत होती. ते खरं असावं अशी तिची फार इच्छा दिसत होती. तिचं तोंड बघून त्याला पुढं बोलवेना.

"अर्थ न्हाई, सरजाबाई," तो म्हणाला. "तुमी उमा मागितलंत, मला द्यायचं नव्हतं. म्हणून थट्टा केली."

सगळा वर्ग ऐकत होता. पुढच्या रांगेत उमा होती.

सरजाबाई हळूच म्हणाली, "धा वर्सं मी गावभर सांगत हिंडले, गुरुजीनं दिलंय म्हून."

रजिस्टरमध्ये उमा करून देतो, असं शिवमूर्ती घाईघाईनं म्हणाला. पोरीनं मान हलवली. ते नाव तिला नको होतं. तिनं भूगोलाच्या पुस्तकातली एक नदी आधीच शोधून ठेवली होती.

"सिंधू लिवा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी उमानं बापाला विचारलं, माझ्या नावाचा अर्थ तरी खरा हाय का. खरा आहे, असं त्यानं सांगितलं. तिला पटलं की नाही, हे कळलं नाही. ती उठून आत गेली.

नाव बदलायचे कागद घेऊन शिवमूर्ती लातूरला नव्या कचेरीत तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला काम झालं. परीक्षेला पोरगी सिंधू म्हणूनच बसली आणि तिला स्कॉलरशिप मिळाली. निकालाचा कागद घेऊन शिवमूर्ती स्वतः सरजाबाईच्या घरी गेला. तिनं दारातच कागद घेतला, आत या म्हणाली नाही. पुढं कधी रस्त्यात भेट झाली, तर ती पदर पुढं ओढून बाजूनं निघून जाई, आणि शिवमूर्तीही तिला थांबवत नसे.