जाताना अकरा तास

घड्याळकाका विमानतळाच्या दारात येरझाऱ्या घालत होते. लांब पल्ल्याची बस चालवण्यात हयात गेलेला माणूस. परतायची वेळ बायकोला सांगून निघायचे आणि त्या वेळेला दारात हजर व्हायचे. म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. नावाचा काकांना थोडा माजही होता.

आज चार वाजता काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मोठे सर्जन उद्या परदेशी निघणार होते आणि आता पुढे ढकलणं म्हणजे विस्तवाशी खेळ, असं त्यांनी बजावलं होतं. पण काकू हट्टाला पेटलेल्या. लेकाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत जाणार नाही, म्हणजे नाही. लेकानं मिळेल ते तिकीट काढलं आणि विमानात बसलो, एवढाच घाईघाईत फोन केला. उतरणार कधी, हे विचारतील तर ते घड्याळकाका कसले? गेल्या वर्षी तो परदेशी गेला तेव्हा विमानाला अकरा तास लागले होते. अंतर तेच, मग यायलाही अकराच. दोनला उतरेल, तीनला तुझ्यापुढे उभा करतो, असं त्यांनी काकूंना छातीठोक सांगून टाकलं.

दोन वाजून गेले. फलकावर साडेचार लिहिलेलं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौकशीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या की विमान वेळेवरच आहे. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर, म्हणून यायला अडीच तास जास्त लागतात. बसला घाट आडवा येतो, फाटक आडवं येतं. आभाळात आडवं काय यावं, तर वारा! काकांना स्वतःच्या शहाणपणाची चीड आली.

तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"आला का?"

"आला की. सामानासाठी थांबलाय," काका म्हणाले. "तू हो पुढे, तो तिथंच येऊन भेटेल."

"किती वाजता पोचताय?"

"पोचतो... लवकरच."

"जन्मात कधी मला लवकरच म्हणाला नाहीत तुम्ही. तो आलेला नाही."

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. वारा, साडेचार, आपली घोडचूक. मला फार भीती वाटते गं, हेही बोलून गेले. हे त्यांनी आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

"माझ्याशी खोटं बोलायची पाळी आली तुमच्यावर," काकू म्हणाल्या. "जाते मी आत. पण तुम्ही या. तो येईल आपला आपण."

काकांनी लेकासाठी फोनवर निरोप ठेवला आणि टॅक्सी पकडली. वाटेत तीनदा त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

हॉस्पिटलात ते धापा टाकत वर पोचले, तेव्हा ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचर थांबलेलं होतं. नर्स वैतागली होती. लेकाला पाहिल्याशिवाय आत जाणार नाही म्हणणारी बाई आता नवऱ्याला पाहिल्याशिवाय हलायला तयार नव्हती.