बिशपच्या शेपटीवरची जखम

रातकिडे पेटीत राहिले ते नेरिडाच्याच हातून. आदल्या संध्याकाळी नवऱ्याला, क्लॅरीला, धाप लागली, तशी तिने हातातला खाद्याच्या किड्यांचा डबा काचेच्या पेटीत उपडा केला आणि ती त्याच्याकडे धावली. उरलेले किडे वेचून काढायचं राहूनच गेलं. सकाळी पाहते तर बिशपच्या शेपटीच्या मुळाशी किड्यांनी खवले कुरतडलेले आणि मसुराएवढं लाल मांस उघडं पडलेलं.

बिशप म्हणजे क्लॅरीचा दाढीवाला सरडा. नेरिडाला तो कधीच आवडला नव्हता. पण खाणीच्या धुळीने क्लॅरीची फुप्फुसं खाल्ली होती, आता फार दिवस नाहीत असं नर्स सांगून गेली होती, आणि त्याने एकच घोर लावून घेतला होता, आपल्यामागे बिशपचं काय. "नेव्हिलला देऊन टाकू," तो म्हणायचा. नेव्हिल त्याचा खाणीतला दोस्त. "तुझ्याच्याने नाही व्हायचं."

"का नाही व्हायचं?" ती फणकारायची. आपण एवढं का फणकारतो, ते तिलाही कळत नसे.

तिने कपाटातून मलमाची ट्यूब काढली, तोच पलीकडच्या खोलीतून हाक आली.

"बिशपला आण गं इकडे."

"ऊन खातोय तो. मग आणते."

"आत्ता आण. खोटं बोलताना तुझा आवाज चढतो."

टॉवेलात गुंडाळून तिने सरड्याला नेलं. त्याची गळ्याखालची दाढी, भ्याला की होते तशी, फुगून काळी पडली होती. नाकात प्राणवायूची नळी घातलेला क्लॅरी दाढीकडे बघत राहिला, मग शेपटीकडे.

"किडे राहिले आत?"

"हो."

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"काय लावलंस?"

"हे लावणार होते."

त्याने ट्यूब डोळ्यांजवळ धरली. "बधिर करायचं औषध आहे यात. माणसाला ठीक, याचा जीवच जायचा. परसात दोन-दोन खड्डे खणायला तुझी कंबर साथ देणार आहे का?"

नेरिडा खाली बसली. "दे मग नेव्हिलला. तुझंच खरं."

"गप. आयोडीन आण, पाण्यात घालून. फिक्कट चहासारखा रंग हवा."

तिने आणलं.

"हा कडक झाला. नेव्हिलची बायको करते तसा पाहिजे, नुसतं पाणी."

तिला हसू आलं आणि लगेच विरलं. ती कापूस जखमेवरून फिरवू लागली.

"पुसू नकोस. टिप." तो थांबून थांबून बोलत होता. "पेटीतली वाळू काढ. कागद घाल. जखमेत जाते ती. आणि किडे..." पुढे श्वास पुरला नाही.

"वेचून काढीन. एकूण एक."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की धापेची, ते नेरिडाला सांगता आलं नसतं.

क्लॅरी गेला तेव्हा जखमेवर खपली धरली होती. दफन होऊन बरेच दिवस झाल्यावर, भर उन्हाच्या दुपारी, नेव्हिल खोका घेऊन आला.

"नेतो गं त्याला. क्लॅरीने सांगून ठेवलंय मला."

"कधी सांगितलं?"

"मागेच. दाराशी बसायचा ना तो, तेव्हा."

म्हणजे जखमेच्या आधी. त्यानंतर क्लॅरीचं मन बदललं होतं का, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

"जखम भरली नाही अजून," नेरिडा म्हणाली. "भरली की बघू."

"दाखव तरी."

"नको. परका माणूस दिसला की दाढी काळी करतो तो."

नेव्हिल घुटमळला. मग खोका ओसरीवर ठेवून टोपी घालून निघून गेला.

नेरिडाने वाटीत आयोडीन कालवलं, फिक्कट, अगदी पाण्यासारखं. खपली केव्हाच पडून गेली होती. खाली करडी नवी कातडी आली होती. तिने बिशपला मांडीवर घेतलं आणि तिथेच कापसाने टिपत राहिली. पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारली नाही.