सुकन्याच्या पोटातून अप्पांच्या पोटात

मित्रांनो, मी सव्वीस वर्षांचे जुने यकृत आहे. तुम्ही मला लिव्हर म्हणता. त्यातली पंचवीस वर्षे मी सुकन्याच्या पोटात सुखाने काढली. आता तिच्या अप्पांच्या, म्हणजे वडील गुरुबसप्पांच्या पोटात आहे, आणि मला भीती वाटते आहे.

गुरुबसप्पांचे शिरूर अनंतपाळला करडईच्या तेलाचे दुकान आहे. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही न पिणारा माणूस. दारूचा तर थेंब नाही. तरी रक्तातली साखर आणि सुटलेले पोट यांनी त्यांच्या यकृताची वाट लावली. अंगात मरगळ आली तेव्हा त्यांनी तेल-तूप सोडले आणि रक्त तपासून घेतले. कोलेस्ट्रॉल अवघे चौऱ्याऐंशी! तो कागद त्यांनी गल्ल्यावरच्या काचेखाली सरकवला. गिऱ्हाईक आले की बोट ठेवून दाखवायचे. तेल विकणारा बिनतेलाची भाजी खातो, याचे गावाला कोण कौतुक!

सुकन्यालाही आनंद झाला. तिच्या पोटात मी मात्र चरकले. कोलेस्ट्रॉल काही नुसते तेला-तुपातून येत नाही हो. बरेचसे आम्ही यकृतेच बनवतो, आणि शरीराला ते थोडे लागतेच. कारागीरच अंथरुणाला खिळला तर माल कुठून निघणार? पथ्याने थोडाफार फरक पडला असेल, पण एवढी घसरण म्हणजे अप्पांचे यकृत विझत चालले होते. दोन महिन्यांत डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरले. मग हैदराबादच्या दवाखान्यात सुकन्याने मागचापुढचा विचार न करता मला कापून दिले. अर्धे तिच्याकडे राहिले, अर्धे इकडे आले.

मी जोमाने कामाला लागले. अप्पांची भूक परतली, तोंडावर तेज आले. कोलेस्ट्रॉलही चढले, कारण ते बनवणारे आता कोणीतरी होते. शिवाय शरीराच्या पहारेकऱ्यांनी मला परके समजून मारू नये म्हणून गोळ्या असतात, त्यांनीही ते वाढते. डॉक्टरांनी बजावले होते, "चरबीसाठी वेगळी गोळी देऊ. पण ही कधीच बंद करायची नाही."

मागच्या आठवड्यात रिपोर्ट आला, दोनशे नव्वद. अप्पांनी काचेखालचा जुना कागद काढून शेजारी ठेवला आणि बायकोला हाक मारली.

"बघ सिद्धम्मा, खराब लिव्हर व्हतं तवा चौऱ्याऐंशी, अन् नवं बसवलं तर दोनशे नव्वद! ह्या गोळ्याच चरबी वाढवून राहिल्या."

"डाक्टरला इचारा की आधी."

"त्याला काय इचारायचं? कागदच सांगून राहिला."

त्या दिवसापासून गोळ्या बंद झाल्या. आज सहावा दिवस. पहारेकरी जागे झालेत, माझ्या कडा कुरतडू लागलेत. आणि मला दुखत नाही, मित्रांनो. अप्पांना तर उलट हलके वाटते आहे.

आज सकाळी लातूरहून सुकन्याचा फोन आला. "अप्पा, गोळी घेतलाव का?"

"हाव माय, आत्ताच घेतली."

सिद्धम्मा शेजारीच भाजी निवडत होती. तिने मान वर केली, नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. सुकन्याने निर्धास्त होऊन फोन ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी असेल तर नुसते विचारून थांबू नका. समोर बसा, गोळी गिळलेली डोळ्यांनी बघा. मला ओरडता येत नाही. सुकन्याने द्यायचे ते देऊन टाकले आहे, आणि जिवंत माणसाला आपले यकृत आयुष्यात एकदाच देता येते.