चोविसावा फोटो

मित्रांनो, मी रिळावर फोटो काढणारा जुना कॅमेरा आहे. माझ्या पाठीला एक दार आहे. ते उघडण्याआधी रीळ गुंडाळून घ्यावं लागतं, नाहीतर उजेड शिरून फोटो जळतात. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी कर्मकहाणी त्या दाराचीच आहे.

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या शरयूताई मला अल्बेनियाला घेऊन गेल्या, तेव्हा तिथली कम्युनिस्ट राजवट नुकतीच कोसळली होती. ताईंना फोटोत पुढारी नको होते. धुणं वाळत घालणाऱ्या, पावासाठी रांगेत ताटकळणाऱ्या, बंद गिरणीच्या दारात बसलेल्या बायका हव्या होत्या. काय रुबाब होता तेव्हा माझा! झाना नावाच्या विणकरणीच्या अंगणात तिची आई मिरच्या भाजत होती. "आईचा एकही फोटो नाही आमच्याकडे. पाठवशील ना?" झानाने विचारलं. ताईंनी शब्द दिला.

आईचा फोटो चोविसावा. रिळात अजून बारा शिल्लक होते. "ते कशाला फुकट घालवायचे?" असं म्हणून ताईंनी रीळ आतच ठेवलं. पुढे घरात डिजिटल कॅमेरा आला आणि मी तळघरातल्या खोक्यात गेलो. त्या म्हातारीला पोटाशी धरून तीस वर्षं पडून होतो.

गेल्या महिन्यात झानाचा फोन आला. ती आता डेट्रॉइटजवळ लेकीकडे राहते. आई केव्हाच गेली होती. "तो फोटो आहे ना?" तिने विचारलं. ताईंनी मला शोधून टेबलावर ठेवलं आणि चष्मा आणायला गेल्या. फोनवरच फोटो काढत वाढलेल्या त्यांच्या लेकीने, अनिकाने, तेवढ्यात प्रेमाने माझी धूळ पुसली, आणि दार उघडलं.

"अनिका! बंद कर ते!"

"सॉरी आई! मी फक्त क्लीन करत होते. आत फिल्म आहे हे मला कोणी सांगितलंच नाही!"

खरंच, कोणी सांगितलं नव्हतं. रिळावर आधीचे फोटो आत गुंडाळले जातात, शेवटचे सगळ्यांत वर राहतात. उजेडाने वरचेच खाल्ले. ताईंनी रीळ धुऊन फोटो छापून आणले, तेव्हा धुण्याचा फोटो अंधूक आला, गिरणीचा आला. चोविसावा पांढराफटक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झाना आली. त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिली.

"मिरच्यांची टोपली इथे होती," ती कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली. "आणि आई इथे."

मग तिला बोट उचलवेना.

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण कुणाचा चेहरा मागून घेतलात, तर तो आधी त्याच्या घरी पोहोचवा. उरलेले बारा जाऊ देत फुकट.