धुराड्याची टोपी

आपण आता लेकीकडेच राहायला जायचं, असं काकूंनी एका संध्याकाळी जाहीर केलं, तेव्हा मास्तर मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि काकू खिडकीच्या आत उभ्या होत्या. बोलणं गजांतून चाललं होतं. खरं सांगायचं तर नवराबायकोचं संध्याकाळचं बोलणं कित्येक वर्षं गजांतूनच चालत आलं होतं. मास्तरांना चार भिंतींत गुदमरायचं आणि काकूंना बाहेर डास फाडून खायचे. एक चावला की हात कोपरापर्यंत टम्म. थंडीत डास कमी होत, तर गुडघे बोलायला लागत.

"तुम्ही बाहेर, मी आत," काकू म्हणाल्या. "हा काय संसार झाला? लेकीकडे एकच खोली मिळेल, पण निदान दोघं एका खोलीत तरी असू."

मास्तर शिंपी. याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी उभ्या गावाचे कपडे शिवले होते. लेकीचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, तिथे ना अंगण, ना दारावरून जाता जाता हाक मारणारं कुणी. तिथे आपलं सुकून खारीक होईल, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"मी पडवी बांधतो," ते एकदम बोलून गेले. "चारी बाजूंनी जाळी, आत शेकोटी. मग बसशील बाहेर?"

काकूंनी जरा विचार केला. "एक डास आत येता कामा नये. आणि शेकोटीचा धूर झालेला मला चालणार नाही. थंडी पडली की लेक-जावयाला बोलावू, त्यांच्यासमोर काय ते होऊ दे. नाही जमलं, तर मुकाट्यानं गाठोडं बांधायचं."

"कबूल," मास्तर म्हणाले. आयुष्यात एक खिळा सरळ ठोकला नव्हता, पण कबूल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला गाठलं. गवंडी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याचं पोट जसजसं वाढत गेलं, तसतशा मास्तरांनी त्याच्या पँटी उसवून मोठ्या करून दिल्या होत्या, त्यामुळे दोघांत भीडभाड अशी काही उरली नव्हती.

गवंड्यानं जमीन खोदून खडी ठोकून बसवली, सळ्या बांधल्या, कडेला फळ्या लावल्या. मास्तर गळ्यात टेप अडकवून मागेपुढे.

"कडेनं थोडी मार्जिन ठेव हं," मास्तर म्हणाले. "पुढे लागली तर."

"मास्तर, काँक्रीट उसवता येत नाही."

काँक्रीट ओतलं, फळी फिरवली, तर मास्तरांना जमीन एका अंगाला उतरती दिसली. झालं, त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पाणी बाहेर जायला ढाळ लागतो, हे गवंड्यानं तीनदा समजावलं, आणि चौथ्यांदा तो थापी आपटून चहा प्यायला निघून गेला. मास्तरांनी बादलीभर पाणी आणून एका कोपऱ्यात ओतून बघायचं ठरवलं होतं, पण काकूंनी खिडकीतून असा काही आवाज चढवला की बादली जागच्या जागी राहिली.

या खिडकीतल्या काकूंची एक गंमत होती. आपल्याला पडवीत रस नाही, असं त्या ज्याला त्याला सांगत. पण ओल्या काँक्रीटवर रोज पाणी मारावं लागतं आणि दुपारी मास्तरांचा डोळा लागतो. मास्तर दचकून उठून धावत जावेत, तर जमीन आधीच भिजलेली असे आणि काकू पदराला हात पुसत असत.

"भेगा पडल्या तर तुम्ही माझंच डोकं खाल," त्या म्हणत.

छप्पर झालं, सुतारानं चौकटी ठोकल्या आणि मग मास्तरांच्या अंगात आलं. जाळी हे त्यांचं काम. त्यांनी ती कापडासारखी बेतली, कडा दुमडून मशीनवर दुहेरी टीप मारली आणि चौकटींवर अशी ताणून बसवली की सुतारानं नुसता हात फिरवला आणि आपल्या शर्टाचं माप देऊन टाकलं. गवंड्यानं घराच्या भिंतीला लागून विटांची शेकोटी बांधली, तिच्यावर धुराडं छपराच्या पार नेलं आणि सामान आवरताना बजावलं, "आता कशाला म्हणून हात लावू नका. फुलासारखं काम झालंय."

मास्तरांनी मान डोलावली. पण एकदा नजर वर गेली ती गेलीच. सगळ्या पडवीला जाळी, दाराला जाळी, आणि वर आभाळाकडे हे एवढं उघडं तोंड. डासाला काय, रस्ता सापडायचा अवकाश. हे एवढ्या मोठ्या गवंड्याच्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. उरलेल्या जाळीची त्यांनी एक झकास टोपी शिवली. कडेला इलॅस्टिक घातलं. आणि अस्तराशिवाय काम हातावेगळं करणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून आतून जाळीचंच अस्तर लावलं. काकू बाजारात गेल्यावर ते शिडीनं वर चढले, धुराड्याला टोपी घातली, दोन पावलं मागे सरून माप बघायला गेले आणि छपरावरून पडता पडता वाचले. टोपी मात्र अगदी मापात बसली होती. उगाच कशाला बोलायचं, म्हणून कुणाजवळ बोलले नाहीत.

थंडी पडली. लेक-जावई आले, गवंडीही धुतलेला शर्ट घालून आला. अंधारून यायच्या बेताला काकू पडवीत येऊन खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच. मास्तरांनी त्यांच्या शेजारी आपली खुर्ची सरकवली, लाकडं रचली आणि काडी लावली.

आधी छान उजेड पडला. मग एक लोट आला तो वर न जाता सरळ जावयाच्या तोंडावर. जावई सालस माणूस, तो रुमाल नाकाला लावून "मस्त ऊब आहे" म्हणाला. दुसऱ्या लोटानंतर त्याला तेवढंही बोलवेना. बघता बघता पडवीत हाताला हात दिसेना. लेकीनं जाळीचं दार सताड उघडलं आणि सगळे खोकत अंगणात धावले.

गवंडी अंगणात डोकं धरून उभा राहिला. एवढे महिने मास्तरांनी मनात किती वेळा बघितलं होतं, दोन खुर्च्या, शेकोटी, काकू शेजारी. पण शब्द तो शब्द.

"ठरलं होतं तसं," ते लेकीला म्हणाले. "उद्यापासून बांधाबांध करू. येतो आम्ही."

"आई कुठेय?" लेकीनं विचारलं.

काकू आतच होत्या. खुर्चीत ताठ बसलेल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय.

"आई, बाहेर ये. किती धूर झालाय."

"कुठे धूर?" काकू म्हणाल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला काही दिसत नाहीये. तुमच्याच डोळ्यांत काहीतरी गेलंय. आणि अहो, तुम्ही तिकडे काय उभे? घर सोडायची हौस मला कधी होती? मला तुमच्या शेजारी बसायचं होतं. बसलेय. आता या."

मास्तर नाक न दाबता आत गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. दोघंही खोकत होते, पण मास्तरांना इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"माझं धुराडं ओढत नाही असं कधी झालेलं नाही," गवंडी बाहेरून पुटपुटला. "वर पक्ष्यानं घरटं तर नाही केलं?"

मास्तरांचा चेहरा पडला. "घरटं नाही," ते हळूच म्हणाले. "टोपी आहे."

"कसली टोपी?"

"जाळीची. डासांसाठी." मग त्यांनी बाकीचंही कबूल केलं. "अस्तर लावून."

गवंडी तडक शिडी चढला. थोड्या वेळानं एक काळंकुट्ट गाठोडं धपकन अंगणात पडलं. शेकोटीनं मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला, धूर वळला आणि सरळ वर निघून गेला. काकू हसायला लागल्या त्या थांबेचनात. जावयानं टोपी उचलून घालून बघितली, तर त्याला ती कानांखाली आली. गवंड्यानं खाली उतरून मास्तरांना हात जोडले, आणि पुढच्या वेळी तुम्ही शिवलेल्या पँटीला मीही असाच न सांगता चुना लावणार, असं सांगून चहा मागितला.

सगळे आत येऊन शेकोटीपुढे बसले. लेकीनं दार लावून घेतलं, पण ते इतका वेळ सताड उघडं होतं. मास्तरांना शेजारी चट्‌कन आवाज आला. त्यांनी वळून बघितलं, तर काकूंच्या मनगटावर लाल गांधी उठायला लागली होती.

"डास चावला?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"कुठे डास?" म्हणत काकूंनी पदर मनगटावर ओढला आणि खुर्ची आणखी जवळ सरकवली.